अंगणातील हिरवळ आणि मातीची मशागत : अवजारांच्या निवडीबद्दल खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून, घरापुढच्या मोकळ्या जागेत हिरवळ लावू पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्य तेवढे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न ‘किती हॉर्सपॉवरचे यंत्र घेऊ?’ हा आहे. त्याचे उत्तर प्रश्न ४ मध्ये आहे, मात्र प्रश्न २ आणि ३ वाचल्याशिवाय त्या उत्तराचा फारसा उपयोग होणार नाही, कारण आपल्याकडच्या काळ्या मातीत यंत्राच्या ताकदीपेक्षा ते कोणत्या दिवशी जमिनीत घातले याला अधिक महत्त्व आहे.

१. लॉनसाठी जमीन तयार करायची म्हणजे नेमकी कोणकोणती अवजारे लागतात?

कामाचे टप्पे लक्षात घेतले की यादी आपोआप तयार होते. दगड आणि जुने तण काढण्यासाठी कुदळ, टिकाव, पहार व खुरपे लागते. माती उलथण्यासाठी फावडे किंवा लांब दातांचा लोखंडी पंजा पुरतो आणि जागा मोठी असेल तर पॉवर विडर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती उकरणारे छोटे यंत्र, लागतो. ढेकळे फोडून माती सारखी करण्यासाठी दंताळे, पातळी पाहण्यासाठी दोरी, चार खुंट्या आणि गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी, तर माती बसवण्यासाठी रोलर वापरतात. गवत उगवून आल्यावर कापणी यंत्र आणि कडा छाटण्याची कात्री यांची गरज पडते. यांपैकी हातअवजारे आणि कापणी यंत्र वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. बाकीची यंत्रे एका घराला आयुष्यात एकदा किंवा फार तर दोनदा लागतात. विकत घ्यावे की भाड्याने आणावे, याचा निर्णय याच एका गोष्टीवरून करावा (प्रश्न ६ पाहा).

२. माझ्या अंगणातली माती कोणत्या प्रकारची आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

मूठभर माती पाण्याने कणकेसारखी मळावी आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची पट्टी काढावी. पट्टी दोन इंचांपेक्षा लांब निघाली आणि तुटली नाही, तर माती भारी काळी आहे. एखाद इंचावर तुटली तर मध्यम किंवा पोयट्याची आहे आणि पट्टी निघालीच नाही तर ती हलकी किंवा मुरमाड आहे. दुसरी कसोटी काचेच्या बरणीची आहे. बरणीत एक तृतीयांश माती व वर पाणी घालून जोराने हलवावे आणि बरणी स्थिर ठेवावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळाचे कण तास-दोन तासांत बसतात आणि चिकणमाती त्यानंतर कितीतरी वेळ पाणी गढूळ ठेवते. दोन दिवसांनंतरही पाणी निवळत नसेल तर प्रश्न १५ आवर्जून वाचावा.

ढोबळ अंदाजासाठी गाव पुरेसे असते. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या तापीकाठच्या पट्ट्यात माती खोल आणि भारी आहे. साक्री, नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी या डोंगराकडच्या तालुक्यांत ती बहुधा उथळ असते आणि फूटभराखाली मुरूम लागतो. मात्र बंगल्याच्या प्लॉटमध्ये या अंदाजावर विसंबू नये, कारण तेथे निसर्गाने घातलेल्या मातीवर बहुधा प्लॉट पाडणाऱ्याने भराव टाकलेला असतो (प्रश्न ८).

३. वाफसा शेतकऱ्याला कळतो, पण आम्ही नोकरदार माणसे. तो ओळखायचा कसा?

वाफसा म्हणजे माती ना चिखल ना दगड अशा अवस्थेत असणे. मातीतील मोठ्या पोकळ्यांतले पाणी निघून गेलेले असते आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकून असते. वरवर पाहून अंदाज करू नये. खुरप्याने पाच-सहा इंच खोलीवरची माती काढून तिचा लिंबाएवढा गोळा करावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून जमिनीवर टाकावा. गोळा फुटून त्याचा भुगा झाला तर वाफसा आहे. तो चपटा होऊन तसाच राहिला तर अजून थांबावे लागेल. गोळा मुळात वळलाच नाही आणि हातात टणक खडे आले तर वाफसा निघून गेलेला आहे. अशा वेळी जमिनीला सावकाश पाणी देऊन काही दिवस वाट पाहावी.

या कसोटीला इतके महत्त्व देण्याचे कारण काळ्या मातीच्या स्वभावात आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. ओल्या अवस्थेत यंत्र फिरवले तर पाती माती कापण्याऐवजी ती लिंपत जातात, पात्यांच्या खालचा थर गुळगुळीत होऊन दबतो आणि वर आलेली चिकट ढेकळे उन्हात विटेसारखी कडक होतात. मी स्वतः एका वर्षी जुलैत, यंत्र भाड्याने मिळाले आहे आणि रविवारही आहे, एवढ्याच कारणासाठी पावसानंतर तिसऱ्या दिवशी अंगणात विडर घातला होता. त्या दिवशीची ढेकळे पुढच्या आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) फुटली नाहीत. हलक्या जमिनीला वाफसा लवकर येतो आणि लवकर जातो. भारी जमिनीला चांगल्या पावसानंतर उघडीप मिळाली तरी आठवडाभर लागू शकतो, आणि एकदा आलेला वाफसा मोजकेच दिवस टिकतो. म्हणून भाड्याच्या यंत्राची तारीख आधी ठरवून मातीने ती पाळावी, अशी अपेक्षा ठेवू नये.

४. किती जागेसाठी किती हॉर्सपॉवरचे यंत्र लागेल?

३०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला यंत्र आणूच नये. दोन मजूर कुदळ, फावडे आणि पंजा घेऊन ते काम एक-दोन दिवसांत अधिक चांगले करतात, कारण हाताने खणताना दगड, मुळे आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून निघतात. ३०० चौरस फुटांपासून अर्ध्या गुंठ्यापर्यंत माती हलकी किंवा मध्यम असेल तर दोन हॉर्सपॉवरच्या आसपासचा, साधारण ५० ते ६० सीसी इंजिनाचा छोटा टिलर चालतो. भारी काळ्या मातीत मात्र तो जमिनीवर उड्या मारतो आणि दोन इंचांखाली जात नाही. तेथे ६ ते ७ हॉर्सपॉवरचा फोर-स्ट्रोक पॉवर विडरच हवा. हाच विडर अर्ध्या गुंठ्यापासून चार-पाच गुंठ्यांपर्यंत पुरतो. त्याहून मोठे आवार असेल, म्हणजे फार्महाऊस किंवा सोसायटीची बाग, तर मिनी ट्रॅक्टरचा विचार करावा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे येथे लक्षात ठेवावे.

हॉर्सपॉवर पाहण्याआधी एक मोजमाप अवश्य घ्यावे. बंगल्याच्या बाजूची मोकळी पट्टी किती रुंद आहे? मागच्या अंगणात जाण्याची वाट तीन फुटांची असेल आणि त्यातही पाण्याच्या मोटारीने जागा अडवली असेल, तर मोठे यंत्र फाटकापाशीच उभे राहील. विडरची बाहेरची पाती काढून त्याची रुंदी कमी करता येते, ट्रॅक्टरच्या बाबतीत ती सोय नाही.

५. पॉवर विडर, पॉवर टिलर आणि रोटाव्हेटर ही एकाच यंत्राची नावे आहेत का?

नाहीत, पण बाजारात ती सर्रास अदलाबदलीने वापरली जातात. पॉवर विडरला ओढणारी चाके नसतात किंवा नावापुरती असतात. फिरणारी पातीच यंत्राला पुढे नेतात आणि माती उकरतात. पॉवर टिलर हा दोन चाकांचा, मागून चालत हाकायचा, १२ ते १५ हॉर्सपॉवरचा डिझेल गडी असतो, त्याचे वजन ४०० किलोच्या आसपास असते आणि वळायला त्याला ऐसपैस जागा लागते. म्हणून घरच्या अंगणासाठी तो बहुधा बाद ठरतो. रोटाव्हेटर हे स्वतंत्र यंत्र नसून ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे आणि त्याच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) फिरणारे अवजार आहे. दुकानदार कोणतेही नाव सांगो, त्याला पात्यांची रुंदी, वजन आणि रिव्हर्स गिअर आहे की नाही, एवढे विचारावे. भिंतीलगतच्या कोपऱ्यात रिव्हर्स गिअर नसलेला जड विडर मागे ओढून काढणे म्हणजे पोळ्याच्या दिवशी अडून बसलेल्या बैलाला ओढण्यासारखे आहे.

६. पॉवर विडर विकत घ्यावा की भाड्याने आणावा?

फक्त घरच्या लॉनसाठी असेल तर भाड्याने आणावा. जमीन एकदा तयार होऊन गवत बसले की पुढची कित्येक वर्षे विडरला तेथे काहीही काम नसते; तो पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहतो, टाकीतले पेट्रोल खराब होते आणि कार्ब्युरेटर चोंदतो. परसात भाजीचे वाफे असतील किंवा शेत असेल तर हिशोब वेगळा होतो. आपल्याकडे कापूस, केळी आणि भाजीपाल्याच्या आंतरमशागतीसाठी गावोगावी विडर आलेले आहेत, त्यामुळे तो चालकासह तासावर मिळणे अवघड नाही. चालकासह आणणेच शहाणपणाचे. मात्र त्याला काम सोपवून घरात जाऊन बसू नये, कारण त्याचे पैसे तासावर असतात आणि तुमची माती कायमची असते.

७. शेतात आमचा ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर आहेच. तोच अंगणात फिरवला तर काय बिघडते?

जागा मोठी, मोकळी आणि वाफशावर असेल तर काही बिघडत नाही, पण ट्रॅक्टर अंगणात घालण्यापूर्वी तीन-चार गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे जमिनीखाली काय आहे: नळाची पाइपलाइन, सेप्टिक टँक, अर्थिंगचा खड्डा, फाटकापाशी गेलेली विजेची तार. सेप्टिक टँकच्या स्लॅबवरून ट्रॅक्टर नेण्याचे धाडस कोणीही करू नये. दुसरी म्हणजे चाकांचा दाब. लहान जागेत ट्रॅक्टर सतत पुढे-मागे होतो आणि जेवढी माती मोकळी करतो जवळपास तेवढीच चाकांखाली दाबून ठेवतो. तिसरी गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागू नये, तरी सांगतो: रोटाव्हेटरच्या पात्यांना आणि चाकांना चिकटून शेतातला लव्हाळा व गाजरगवताचे बी अंगणात येते, तेव्हा अवजार आधी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊन घ्यावे. आणि माती पिठासारखी होईपर्यंत रोटाव्हेटर फिरवत राहू नये. अति बारीक झालेली काळी माती पहिल्याच पावसात वरून बंद होते आणि तिच्यावर पापुद्रा धरतो. हरभऱ्याएवढे ते सुपारीएवढे कण राहिले की थांबावे.

८. नवीन बंगला बांधला आहे. अंगणात मुरमाचा भराव, वाळू, विटांचे तुकडे आणि सिमेंट सांडलेले आहे. कोणते यंत्र आणू?

पहिल्या टप्प्यात कोणतेच मशागतीचे यंत्र आणू नये. विडरची पाती विटा आणि सळयांच्या तुकड्यांवर आपटली की वाकतात किंवा तुटतात, आणि उडालेला तुकडा पायाला लागतो. आधी पहारीने आठ-दहा ठिकाणी फूटभर खोल खड्डे घेऊन खाली काय आहे ते पाहावे. वरचा भराव सहा इंचांपेक्षा कमी आणि खाली चांगली माती असेल, तर मजुरांकडून भराव उचलून घेऊन खालच्या मातीची मशागत करावी.

भराव दोन-तीन फूट खोल असेल तर तो सगळा काढणे परवडत नाही. तेव्हा वरचा आठ इंचांचा थर काढून तेथे बाहेरून आणलेली माती भरणे हा मार्ग आहे. १,००० चौरस फुटांवर आठ इंच माती म्हणजे सुमारे ६६७ घनफूट, म्हणजेच पावणेसात ब्रासच्या जवळपास माती लागते. ती दाबून बसते म्हणून थोडी जास्त मागवावी. भराव उचलण्यासाठी जेसीबी बोलावला तर चालकाला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात: चांगली माती वेगळ्या ढिगात ठेवायची आणि काम झालेल्या भागावर पुन्हा यंत्र चढवायचे नाही. जेसीबीने दाबलेला तळ नवी माती टाकण्याआधी टिकावाने किंवा पहारीने मोकळा करून घ्यावा. तसे केले नाही तर पावसाळ्यात वरच्या थरात परातीत साचावे तसे पाणी साचते. सिमेंट कालवलेली जागा पूर्ण खरवडून काढावी; आपली माती आधीच चुनखडीची असते, तिला आणखी चुन्याची गरज नाही.

९. किती खोल खणायचे?

हिरवळीसाठी सहा ते आठ इंच मोकळी माती पुरते. विडर एका फेरीत चार-पाच इंचच जातो, म्हणून दुसरी फेरी पहिल्या फेरीला आडवी मारावी. दरवर्षी त्याच खोलीवर यंत्र फिरले तर पात्यांच्या टोकाखाली कडक तळ धरतो. तो पंजा रोवून मागे झुकवत हलकासा उचकटावा, माती उलटी करू नये.

१०. काळी माती चिकट आहे म्हणून वाळू मिसळायला सांगतात. किती मिसळावी आणि कशाने?

थोडी वाळू मिसळल्याने काळी माती सुधारत नाही, उलट वाळल्यावर ती अधिक टणक होते. फरक पडायचा असेल तर मिश्रणात निम्म्याहून अधिक वाळू असावी लागते, म्हणजे १,००० चौरस फूट जागेत सहा इंच खोलीसाठी अडीच ब्रासहून अधिक. इतकी वाळू आणणे, पसरवणे आणि मिसळणे हे घरगुती यंत्राच्या आवाक्यातले काम नाही आणि खर्चाच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे नाही. त्याऐवजी दोन इंच जाडीचा पूर्ण कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा थर, म्हणजे तेवढ्याच जागेला सुमारे १.७ ब्रास, पसरून तो विडरच्या दुसऱ्या फेरीत मातीत मिसळावा. शेणखत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास येत असेल तर ते कुजलेले नाही आणि त्यात तणांचे बी जिवंत आहे, असे समजावे. वाळूचा योग्य उपयोग नंतर आहे: हिरवळीवरचे खळगे भरण्यासाठी वाळू व चाळलेले कंपोस्ट यांचा पातळ थर फावड्याने विखरून दंताळ्याच्या पाठीने पसरावा.

११. अंगणभर लव्हाळा आहे. रोटाव्हेटर मारला की मरेल ना?

मरणार नाही, वाढेल. लव्हाळ्याच्या जमिनीखालच्या गाठी साखळीसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. फिरती पाती ती साखळी तोडतात आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ स्वतंत्र रोप होऊन उगवते. हरळीच्या कांड्यांचे आणि कुंद्याच्या मुळांचेही तेच. म्हणून ज्या जागेत ही तीन तणे आहेत तेथे फिरत्या पात्यांचे यंत्र अगदी शेवटी वापरावे. आधी वाफशावर पंज्याने माती उचकटून गाठी हाताने वेचाव्यात, मग पाणी देऊन राहिलेले उगवू द्यावे आणि पुन्हा वेचावे; असे निदान दोन-तीनदा करावे लागते.

आपल्या उन्हाचाही येथे उपयोग करून घेता येतो. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा आखाजीच्या सुमारास जमीन ओली करून तिच्यावर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून, कडा मातीत पुरून चार ते सहा आठवडे ठेवावा. बहुतेक तणांचे बी त्यात मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र वाचतात, म्हणून वेचणीला पर्याय नाही.

जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. ज्या हरळीला शेतातून उपटण्यात आपल्या आजोबांचे आयुष्य गेले, तीच हरळी नातू शहरात चौरस फुटावर पैसे मोजून लावून घेतो. म्हणून तुमची निवड हरळीच्या जातीची असेल, तर अंगणात आधीपासून असलेली देशी हरळी काढण्यासाठी किती मेहनत घ्यायची याचा आधी विचार करावा.

१२. जागा सपाट कशी करायची आणि रोलर किती वजनाचा हवा?

पूर्ण सपाट करू नये. घरापासून बाहेरच्या बाजूला शेकडा १ ते २ उतार असावा, म्हणजे ३० फूट लांबीत साडेतीन ते सात इंच. काळी माती पाणी हळू पिते आणि घराच्या पायाशी पाणी साचून माती फुगणे-आकसणे भिंतींनाही मानवत नाही. पातळी नळीने घेऊन खुंट्यांवर खुणा कराव्यात, दोरी ताणावी आणि दंताळ्याने माती ओढावी. लांब सरळ फळी दोन माणसांनी ओढली तर काम आणखी चांगले होते. नंतर एक चांगले पाणी देऊन जमीन आठ-दहा दिवस बसू द्यावी, दिसलेले खळगे भरावेत आणि मगच रोलर फिरवावा.

पाण्याने भरायचा पोकळ रोलर घ्यावा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ६० सेंटिमीटर लांबीच्या पिंपात सुमारे ७५ लिटर पाणी मावते, म्हणजे पिंपाच्या वजनाखेरीज ७५ किलो भार मिळतो. भारी मातीला तो निम्मा भरला तरी चालतो. क्रिकेटच्या मैदानावरचा सिमेंटचा रोलर ओळखीने मिळत असला तरी आणू नये. तो खेळपट्टी कठीण करण्यासाठी असतो आणि आपल्याला गवताची मुळे आत जाऊ द्यायची आहेत. ओल्या काळ्या मातीवर कोणताच रोलर चालवू नये.

१३. गवत कापायला कोणते यंत्र घ्यावे: हाताने ढकलायचे, विजेचे, बॅटरीचे की पेट्रोलचे?

आधी गवत कोणते लावणार ते सांगा. बर्म्युडा जातीची हरळी, जिला रोपवाटिकेत बहुधा ‘सिलेक्शन वन’ म्हणतात, एक ते दीड इंच उंचीवर छान राहते आणि पावसाळ्यात आठवड्याला कापावी लागते. कोरियन किंवा मेक्सिकन गवत सावकाश वाढते, त्याला कापणी कमी लागते, पण त्याचे पाते चिवट असल्याने बोथट यंत्र त्याला चावते.

यंत्रांचे मुख्य प्रकार दोन आहेत. सिलिंडर यंत्रात वळणदार पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून कात्रीसारखी कापतात; कापणी सुबक होते, पण जमीन एकसारखी असावी लागते. रोटरी यंत्रात आडवे पाते पंख्यासारखे वेगाने फिरते. ते खाचखळग्यांत अधिक सोशिक असते. काळी माती दरवर्षी फुगून-आकसून पातळी बदलत असल्याने, ५०० चौरस फुटांपेक्षा मोठ्या जागेसाठी माझा कौल रोटरी यंत्राला आहे. त्याहून लहान आणि नीट सपाट केलेल्या जागेला हाताने ढकलायचे १४ किंवा १६ इंची सिलिंडर यंत्र पुरेसे होते. त्याला ना वीज लागते ना पेट्रोल, फक्त पात्यांना वेळेवर धार लावावी लागते.

विजेचे यंत्र घेणार असाल तर ते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरच) चालवावे आणि तार खांद्यावरून मागे सोडावी. भारनियमन असलेल्या गावात बॅटरी किंवा पेट्रोलचे यंत्र बरे. बॅटरी मेमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये, घरात ठेवावी.

१४. ब्रश कटर घरी आहेच. त्याने लॉन कापली तर चालेल का?

पहिली एक-दोन वेळा, गवत फार वाढलेले असताना चालेल. नेहमीसाठी नाही. त्याने उंची एकसारखी राखता येत नाही आणि कुठे तरी बुडखापर्यंत कापले जाऊन उन्हाळ्यात तेथे टक्कल पडते. कोणत्याही यंत्राने एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये आणि एप्रिल-मेमध्ये कापणीची उंची अर्ध्या इंचाने वाढवावी. ब्रश कटर चालवताना डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बूट असलेच पाहिजेत. मुरमाड अंगणात त्याची दोरी खडे बंदुकीसारखे उडवते.

१५. दोनदा विडर मारला तरी पाऊस पडला की माती पुन्हा सिमेंटसारखी होते. यंत्र कमी ताकदीचे आहे का?

बहुधा यंत्राचा दोष नाही. प्रश्न २ मधील बरणीतले पाणी दोन दिवसांनीही गढूळ राहत असेल तर जमीन चोपण असण्याची शक्यता आहे, म्हणजे तिच्यात सोडियम जास्त आहे आणि त्यामुळे मातीचे कण एकमेकांना धरून न राहता पाण्यात विखुरतात. मुक्ताईनगरच्या पूर्वेला विदर्भातील पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे, पण चोपण जमिनीचे तुकडे खानदेशातही आहेत, आणि खाऱ्या बोअरचे पाणी वर्षानुवर्षे दिल्याने चांगली मातीही तशी होते. अशा जमिनीची कितीही मशागत केली तरी ती पहिल्या पावसात पुन्हा बसते.

येथे यंत्रावर खर्च करण्यापूर्वी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्यावे. खानदेश राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. मातीचा नमुना कसा घ्यावा याचे मार्गदर्शन धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा रावेर तालुक्यातील पाल येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या केंद्रात मिळू शकते. अहवालात सोडियमचे प्रमाण जास्त आले तरच, सांगितलेल्या मात्रेत जिप्सम घालून विडरने वरच्या थरात मिसळावे आणि पाण्याचा निचरा होईल अशी सोय करावी; निचरा नसेल तर सुटलेला सोडियम तेथेच राहतो. माती नुसती चिकट आहे म्हणून जिप्सम घालणे व्यर्थ आहे, त्यासाठी प्रश्न १० मधील उपाय करावा.

१६. जळगाव ठिबकचे गाव. मग लॉनलाही ठिबकच लावावे का?

केळीला जे मानवते ते हिरवळीला जसेच्या तसे लागू होत नाही. हिरवळीत प्रत्येक इंच ओला व्हावा लागतो, म्हणून लहान जागेला छोटे पॉप-अप स्प्रिंकलर सोयीचे पडतात. १,००० चौरस फुटांवर पाच मिलिमीटर पाणी देणे म्हणजे सुमारे ४६५ लिटर. ओली होऊन फुगलेली काळी माती तासाला मोजकेच मिलिमीटर पाणी पिते, म्हणून ते एकदम न देता मध्ये अर्ध्या-एक तासाचा खंड ठेवून दोन-तीन वेळा द्यावे, आणि तेही पहाटे.

पाणी फार कमी असेल तर चार ते सहा इंच खोल पुरलेल्या ठिबकच्या इनलाइन नळ्या, एकमेकींपासून फूट ते दीड फुटावर, हा चांगला पर्याय आहे. पण त्या पुरल्यानंतर त्या जागेत विडर, पहार किंवा छिद्रे पाडणारे यंत्र कायमचे बंद होते. म्हणून मशागत, सपाटी आणि रोलर ही सगळी कामे पूर्ण झाल्यावरच नळ्या टाकाव्यात आणि त्यांचा नकाशा कागदावर काढून ठेवावा.

१७. तीन-चार वर्षांची लॉन कडक झाली आहे. खिळ्यांचे बूट घालून चालले तर माती मोकळी होते का?

भारी मातीत होत नाही. खिळा माती बाहेर काढत नाही, फक्त बाजूला दाबतो आणि छिद्राच्या भिंती आणखी घट्ट करतो. मातीची नळकांडी बाहेर काढणारे पोकळ दातांचे अवजार हवे. ते वाफशावरच, गवत जोमाने वाढत असताना म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये वापरावे आणि छिद्रांत वाळू-कंपोस्ट झाडून भरावे. शुद्ध काळ्या मातीत याची गरज वाटते त्यापेक्षा कमी असते, कारण भेगा पडण्या-बुजण्यातून ही जमीन आपली मशागत काही अंशी आपणच करते. अंगणातल्या ज्या वाटेवरून रोज दुचाकी जाते, तेवढीच पट्टी मोकळी करावी; किंवा तेथे फरशी टाकून प्रश्न मिटवावा.

१८. उन्हाळ्यात लॉनमध्ये हातभर खोल भेगा पडतात. पुन्हा सगळे उकरून नव्याने करावे का?

नको. भेगांत मोठी ढेकळे किंवा मुरूम भरू नये, कारण पावसात माती फुगली की त्यांना जागा उरत नाही आणि जमीन उंचावते. चाळलेले कंपोस्ट व वाळू भेगेत सैल सोडावी आणि पाण्याच्या पाळ्या जवळ आणाव्यात. पुन्हा मशागत करायची वेळ फक्त तेव्हाच येते, जेव्हा निम्म्याहून अधिक गवत मेलेले असते किंवा पाणी घराकडे वाहू लागलेले असते. तेव्हाही मेमध्ये घाई न करता मृगाच्या पावसानंतर येणाऱ्या पहिल्या वाफशाची वाट पाहावी आणि प्रश्न ३ मधील गोळ्याच्या कसोटीपासून सुरुवात करावी.

१९. सातबारा आमच्या नावावर आहे. अनुदानावर पॉवर विडर घेऊन तो घरच्या लॉनलाही वापरता येईल का?

कृषी यांत्रिकीकरणाचे अनुदान शेतीसाठी आणि शेतकऱ्यासाठी आहे, त्याचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. बिगरशेती प्लॉटच्या आधारावर ते मिळत नाही. शेतीसाठी रीतसर घेतलेला विडर अंगणात एक दिवस फिरवला तर त्यात गैर काही नाही. पाती मात्र धुऊन आणावीत (प्रश्न ७), आणि परत शेतात नेतानाही धुवावीत, कारण अंगणातली विकतची हरळी तुमच्या कपाशीत गेली तर ती पुन्हा तण होते.